आखणीकार गुणाजी आणि काचेची किटली

सुज्ञ वाचकहो, पुढे सादर होणारी हकिकत पेण तालुक्यातील हमरापूर गावच्या एका गणपती कारखान्यात घडलेली आहे. तीत एक आखणीकार, एक काचेची विद्युत किटली आणि औषधाची एक लहान बाटली एवढाच ऐवज आहे. खून नाही, दरोडा नाही. एका चांगल्या माणसाच्या मायेपायी दुसऱ्या चांगल्या माणसाचा जीव कसा कोंडला, एवढेच तीत यथाशक्ती सांगितले आहे. ती शांत चित्ताने वाचावी, ही नम्र विनंती.

मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, अंगाला रंग चढतो, दागिने सोनेरी होतात. परंतु जोवर डोळे काढले जात नाहीत तोवर तिच्यापुढे कोणी हात जोडत नाही. डोळे काढण्याच्या या कामास आखणी म्हणतात. विलासशेठच्या कारखान्यात हे काम गेली एकवीस वर्षे गुणाजी करीत होता. सकाळच्या गाडीने त्याने आपल्या कासू गावाहून यावे, खिडकीजवळच्या पाटावर मांडी घालावी आणि सुतासारख्या बारीक ब्रशाने एकेका मूर्तीला जाग आणावी. व्यापारी माल उचलताना विचारीत, "आखणी गुणाजीची ना?" आणि होकार मिळाला की पुढे काही बघत नसत.

अशा या गुणाजीला गेल्या दिवाळीनंतर काचबिंदू निघाला. पेणला दाखवले तर चार ओळखीचे भेटणार, म्हणून तो उलट्या दिशेने रोह्याला गेला होता. तेथील डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितले, की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली मात्र राखता येते. त्यासाठी दिवसातून चार वेळा थेंब घालावा, थेंबानंतर पाच मिनिटे डोळे मिटून स्वस्थ बसावे, आणि एकही वेळ चुकवू नये.

सकाळचा व रात्रीचा थेंब घरी सून दर्शना घाली. मधले दोन, म्हणजे अकराचा आणि चारचा, नाक्यावरचा चहावाला पोपट घाली. गुणाजीला स्वतःला ते जमत नसे. जो हात गणपतीच्या बुबुळावर राईएवढा पांढरा ठिपका अचूक टेकवी, तोच हात स्वतःच्या डोळ्यापाशी आला की पापणी गच्च मिटे. "चहाला जातो," असे म्हणून तो दोनदा उठे, पोपटच्या बाकड्यावर मान मागे टाकून बसे आणि थेंब पडल्यावर डोळे मिटी. येणाऱ्याजाणाऱ्यास वाटे, म्हातारा डुलकी काढतो आहे.

ही लपवाछपवी उगाच नव्हती. शेजारच्या कारखान्यातील हैबतराव नावाच्या आखणीकाराने आपल्याला मोतीबिंदू झाल्याचे दोन वर्षांपूर्वी भोळेपणाने सांगून टाकले होते. शस्त्रक्रिया होऊन नजर लख्ख झाली, तरी व्यापारी त्याच्या हातची मूर्ती घेईनात. तेव्हापासून हैबतराव मूर्तींच्या पाटांना रंग देतो.

ज्येष्ठ महिन्यात कामाची झुंबड उडाली. भर उन्हात नाक्याकडे चाललेला गुणाजी विलासशेठने पाहिला. चौथ्या दिवशी एक खोके आले. त्यातून निघाली ती किटली सर्वांगाने काचेची, कमरेला पोलादी पट्टा, आणि बटण दाबताच बुडाशी निळा प्रकाश. पाणी उकळू लागले की बुडबुडे त्या निळाईतून वर चढत, आणि उकळी फुटताच बटण आपोआप बंद होई. सारा कारखाना हातचे काम टाकून बघत उभा राहिला.

"काका, आता उन्हात जायाचं नाय," विलासशेठ म्हणाला. "तुमच्या पाटाशीच ठेवतो. अकरा नि चारला सगळ्यांचा चहा इथंच. आन् किटलीला हात फक्त तुमचा."

"माझाच कशाला, शेठ?"

"काच हाय ती. ह्या बाकीच्यांचे हात म्हंजे फावडी. तुमच्यासारका हात हाय कोनाचा?"

सगळ्यांसमोर झालेला हा सन्मान गुणाजीने मान तुकवून घेतला. खिशातील औषधाची बाटली मात्र त्याला विस्तवासारखी भासली.

वाचकहो, किटलीबरोबर राहणे दिसते तितके सोपे नव्हते. तीत दूध उकळता येत नसे; म्हणून पाणी तापवून त्यात चहाच्या पुड्या बुडवायच्या आणि वर दुधाची भुकटी घालायची. मूर्ती घासणारी पारी पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, ह्यो चहा हाय का ब्रश धुतलेलं पानी?" त्यातून बोअरिंगचे पाणी क्षाराचे. तीन दिवसांत बुडाशी पांढरी खपली धरे आणि लिंबाची फोड घेऊन गुणाजीला ती खरवडावी लागे. कोणी चुकून हात लावला की काचेवर सोनेरी बोटे उमटत. शेठ येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला किटली दाखवी, म्हणून ती बोटेही गुणाजीनेच पुसायची. अकरा वाजता सात जणांचे सात कप त्याच्या तोंडाकडे बघत रांगेत उभे राहत. ते आटोपेपर्यंत थेंबाची वेळ टळलेली असे, आणि चहा तर इथेच मिळत असल्याने बाहेर जाण्यास काही निमित्तही उरत नसे.

निमित्ते त्याने शोधली. तंबाखू आणायला जातो म्हणाला, तर शेठने तंबाखूचा पुडाच आणून दिला. पाय आखडले, जरा फिरून येतो म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी पाटाच्या जागी गादीची खुर्ची आली.

शेवटी एका चार वाजता तो मागच्या मोरीत शिरला आणि भिंतीला डोके टेकून स्वतःच थेंब घालू लागला. एक कपाळावर पडला, एक गालावर, एक कानात गेला. चुरचुरणारे लाल डोळे घेऊन तो बाहेर आला, तो पारी समोर उभी.

"काका, रडत व्हता?"

गुणाजी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसू लागला.

"सगुणाकाकूची याद आली व्हय?" पारीने हळू विचारले. सगुणा ही गुणाजीची बायको. तिला जाऊन तीन वर्षे झाली होती.

नाही म्हणावे तर खरे कारण सांगावे लागणार, आणि हो म्हणावे तर मेलेल्या माणसाच्या नावावर खोटे बोलल्यासारखे होणार. गुणाजीने मान खाली घातली. पारीला तेवढे पुरले. तासाभरात ते कारखानाभर झाले आणि विलासशेठने हळव्या आवाजात फर्मान काढले, की काकांना एकटे सोडायचे नाही. चहाच्या वेळी पारीने त्यांच्यापाशी बसून बोलत राहायचे. मोरीची वाटही अशी बुजली. पारी इमानाने बसे. पार गावभरच्या गप्पा सांगे. गुणाजी निळ्या प्रकाशात चढणारे बुडबुडे पाहत हुंकार देई, आणि मनात टळलेल्या थेंबांची मोजदाद करी.

आषाढात तो रोह्याला तपासणीस गेला. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून दोनदा पाहिले.

"डोळ्यांचा दाब वाढलाय, बाबा. कडेची नजर आत सरकलीय. थेंब चुकवता का?"

"चहा करावा लागतो," गुणाजी म्हणाला.

त्यांना काही उमगले नाही. "असंच चाललं तर मूर्ती राहू द्या, जिनाही दिसणार नाही," एवढे त्यांनी सांगितले. परतताना स्टेशनाबाहेर डावीकडून आलेली सायकल अगदी अंगावर येईपर्यंत गुणाजीला दिसली नाही. सायकलवाल्याने शिवी हासडली. ती त्याला मुळीच झोंबली नाही. तो डावीकडे मान वळवून पुन्हा पुन्हा पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर एका मंडळाची चार फुटी मूर्ती होती. उजवा डोळा पुरा झाला आणि अकरा वाजले. सवयीने हात किटलीकडे गेला. पारी सरकून जवळ बसली. सात कप मांडले गेले. गुणाजीने बटण दाबले नाही.

"शेठ," त्याने हाक मारली, "मला काचबिंदू हाय. दिवाळीपासून."

घासण्याचा आवाज थांबला. गुणाजीने खिशातील बाटली काढून कपांशेजारी ठेवली आणि पोपटचे बाकडे, मोरी, रोहा, सारे एका दमात सांगून टाकले. "त्या दिवशी रडत नव्हतो," तो पारीला म्हणाला. "माफ कर, गो."

विलासशेठने बाटली उचलून पाहिली आणि परत ठेवली. मग तो जवळ बसला आणि त्याने गुणाजीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, आदीच बोलायचं व्हतं. आता ब्रश ठेवा. डोळ्यांना तान नको. तुमचा पगार एक रुपया कमी व्हनार नाय. तुम्ही फक्त किटली सांभाळा."

दिवाळीपासून ज्या वाक्याला गुणाजी भीत होता ते वाक्य असे प्रेमाने, गुडघ्यावर हात ठेवून आले. शेठच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. त्यामुळे त्याच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती.

"उजवा झालाय," गुणाजी म्हणाला. "डावा कोन करनार?"

एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हाताने, एकाच बैठकीत काढायचे, हा त्या कारखान्याचा जुना शिरस्ता होता, आणि एका डोळ्याचा देव दुसऱ्याच्या हाती देण्यास विलासशेठचीही छाती नव्हती.

"मग येवडा पुरा करा," तो अखेर म्हणाला.

"करतो. थेंब घालून येतो, मग करतो."

गुणाजीने बाटली उचलली आणि तो चालू लागला. पोपटने काही न विचारता थेंब घातले. पाच मिनिटे गुणाजी डोळे मिटून बसला. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला हैबतराव पाटांना रंग देताना दिसत होता. मग तो परतला आणि सात जणांच्या देखत त्याने डावा डोळा काढला. हात एकदाही थबकला नाही.

विलासशेठने मोबाईलची बॅटरी लावून दोन्ही डोळे न्याहाळले. उणे काढण्याजोगे त्याला काही सापडले नाही.

"ह्या सीझनचं तुम्हीच करा," तो म्हणाला. "पन मला दाखवल्याबिगर एकबी मूर्ती पुढं द्यायची नाय. आन् व्यापारी आले असले तर टपरीवर बसू नका."

"पुढल्या सालचं?"

"पुढल्या सालचं पुढल्या साली, काका."

किटली पारीच्या ताब्यात गेली. अकराची आणि चारची पंधरा मिनिटे गुणाजीची झाली, एकही थेंब चुकेनासा झाला. परंतु तो आखणीस बसला की थोड्या वेळाने पाठीमागे पावले येऊन थांबत. शेठ बोलत काही नसे, नुसता उभा राही. बुबुळावर ठिपका टेकवताना गुणाजीला त्याचा श्वास मानेवर जाणवे. तो वळून पाहत नसे. ब्रश रंगात बुडवी आणि पुढचा डोळा काढू लागे.

येथे ही हकिकत संपली. आपला अमूल्य वेळ खर्चून ज्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, त्या सर्व वाचकांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
विठू राघो हिलम
मुक्काम अष्टमी, तालुका रोहा