मामा मत्सराला सांभाळून घेतात

राजाला राणीचा संशय येतो, तो वेडापिसा होऊन तिचा गळा दाबतो आणि मग रडत बसतो, अशी ती जुनी शोकांतिका. आमच्या दिग्दर्शक बाईंनी तिच्यातले सगळे संवाद काढून टाकले आणि फक्त नाच ठेवला. राजाचा मत्सर हे वेगळं पात्रच केलं. ते पात्र मी. इतकी वर्षं दरबाऱ्यांच्या मागच्या रांगेत उभं राहिल्यावर मला पहिल्यांदाच नाव असलेली भूमिका मिळाली होती. नाव दुर्गुणाचं होतं, पण होतं.

बाईंची कल्पना साधी होती. राजाराणी तालात नाचणार आणि मी राजाच्या पाठीला चिकटून प्रत्येक पाऊल अर्धी मात्रा आधी टाकणार. "संशयी माणूस सगळीकडे जरा आधीच पोचतो," बाई म्हणाल्या. "बघणाऱ्याला दाताखाली खडा आल्यासारखं वाटलं पाहिजे."

अडचण एकच. ढोलावर माझे सख्खे मामा होते.

मामांनी उभ्या आयुष्यात एकाही नाचणाऱ्याला तोंडघशी पडू दिलेलं नाही. कुणाचं पाऊल घसरलं की मामांची थाप तिथे हजर. चूकच मुद्दाम बसवल्यासारखी दिसते. त्यामुळे मी अर्धी मात्रा आधी आलो की मामाही आधी. ढोल ऐकून राजाराणीही आधी. आम्ही तिघं संध्याकाळी फिरायला निघालेल्या सुखी कुटुंबासारखे दिसायचो.

"मामा, मी मुद्दाम चुकतोय."

"सगळे असंच म्हणतात रे." मामांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू नाच बिनधास्त. मी आहे ना."

"तुम्ही आहात हाच तर प्रॉब्लेम आहे!"

"घाबरू नकोस."

बाई वैतागल्या. "शनिवारपर्यंत मत्सर दिसला नाही, तर पात्र काढून टाकते आणि मत्सराच्या जागी नुसता हिरवा दिवा लावते." दिवेवाल्याने लगेच लावून दाखवला. दुर्दैवाने छान दिसत होता.

मग मी चंगच बांधला. एक मात्रा आधी आलो, मामा आले. दीड मात्रा रेंगाळलो, मामा थांबले. शेवटी एका पायावर लंगडत उलटा गेलो. त्यावर मामांनी असा तुकडा वाजवला की झाडणाऱ्या मावशींनी झाडू काखेत धरून टाळ्या पिटल्या.

घरी आईला म्हटलं, "तुझ्या भावाला आवर."

"सायकलवरून पडायचास तेव्हा तोच धावायचा," आई म्हणाली. "आता त्याच्याच नावाने बोटं मोड."

शनिवारी तालमीआधी मी हात जोडले. "मामा, आजच्या दिवस मला चुकू द्या. पाया पडतो."

मामांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझी साथ नकोशी झाली."

"तसं नाही हो..."

"कळलं. चूक बाबा. पोटभर चूक."

दुसरा अंक सुरू झाला. माझं पहिलं चुकीचं पाऊल पडलं आणि मामांनी ढोल बंदच केला. हात ढोलाच्या वीतभर वर थांबले. डोळे बारीक, ओठ आवळलेले, नजर माझ्यावर रोखलेली. नुसती पावलं ऐकू येत होती. राणी खरोखरच घाबरली. दिवेवाल्याचा चहाचा कप हवेतच राहिला.

बाई ताडकन उठल्या. "हाच! हाच तो मत्सर!"

मी कमरेत वाकून नमस्कार केला.

"तू नाही रे. ते."

दिव्याशी टक्कर द्यायची माझी तयारी होती. न वाजवणाऱ्या मामांशी कशी देणार?

आता मामा रंगमंचाच्या मधोमध बसतात आणि अख्खा दुसरा अंक वाजवत नाहीत. पोस्टरवर त्यांचाच फोटो आहे. मी पुन्हा दरबाऱ्यांत. परवा प्रयोगात माझा पाय खरोखरच अडखळला, आणि शेजारच्या दोघांना घेऊन मी धाडकन आडवा झालो. मामांचे हात जागचे हलले नाहीत.

"सांभाळून घ्यायचंत ना, मामा!" पडदा पडल्यावर मी कळवळून म्हटलं.

"वेडा की काय," मामा तोंडावरचा रंग पुसत म्हणाले. "मी भूमिकेत होतो."