मागची भिंत

थोरलीच्या गणिताचा कागद आईच्या शिवणयंत्रात सापडला, पडद्याच्या काठासकट शिवलेला. अर्धं प्रमेय बाहेर, अर्धं दुमडीत. थोरली हुंदके देत टाके उसवत बसली आणि धाकटा हसून हसून लोळला. आईने कपाळाला हात लावला. त्या दिवशी, इतके दिवस सगळे मनातल्या मनात म्हणत होते ते तिचा नवरा उघड बोलला.

"हे काही खरं नाही. एक तर घर बदलू, नाहीतर हेच वाढवू."

दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम, म्हणजे शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिथेच एका कोपऱ्यात सासऱ्यांची खाट. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची हत्यारांची पेटी खाटेखाली आणि पोरांची दप्तरं पेटीवर. पाहुणा आला की कोणाला तरी उठून उभं राहावं लागे.

सासऱ्यांना सगळे बाबा म्हणायचे. आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्तीनंतर काचबिंदूने हळूहळू नजर नेली. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं, मग तेही गेलं. पण घरात ते बिनकाठीचे फिरायचे. खाटेवरून उठले की शिवणयंत्राचा कोपरा, मग दाराची चौकट, मग फ्रिजची थंड कड, तिथून वळलं की न्हाणीघर. "बस सुटतेय, दारात उभं राहू नका," असं म्हणत निघायचे आणि पोरं पाय आखडून घ्यायची. चहासुद्धा स्वतः करायचे. वीजमीटर बघायला आलेला माणूस एकदा त्यांच्याशी चांगला गप्पा मारून गेला. या आजोबांना दिसत नाही, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. बाबांना त्याचं कोण कौतुक. आठवडाभर ते सांगत होते.

म्हणूनच घर बदलायचं म्हटल्यावर नवरा-बायको दोघंही कचरली. तरी एक घर बघायला गेले आणि बाबांनाही बरोबर नेलं. चौथा मजला, चार मोठ्या खोल्या, खिडक्या रस्त्याकडे. मुलं या खोलीतून त्या खोलीत धावली. बाबा तिच्या नवऱ्याचा दंड धरून भिंतींवर हात फिरवत चालले. "हवा छान आहे," म्हणाले. "ऐसपैस आहे." मग एका खोलीच्या मधोमध त्यांचा हात सुटला. आजूबाजूला धरायला काहीच नव्हतं. ते तसेच उभे राहिले, हात पुढे करून, चेहऱ्यावर हसू ठेवून. तिने पुढे होऊन त्यांची बोटं धरली, तेव्हा ती थंडगार होती.

घरी परतल्यावर ते सरळ माठाशी गेले, पाणी प्यायले आणि पेला जागच्या जागी पालथा घातला.

"नको ते घर," ती नवऱ्याला म्हणाली. "इथेच वाढवू. त्यांचं इथलं फिरणं तरी जाणार नाही."

त्यालाही तेच वाटत होतं. मागे थोडी मोकळी जागा होती. गवंडी आला आणि त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं. मागची भिंत पाडायची, स्वयंपाकघर मागे सरकवायचं, न्हाणीघर डाव्या बाजूला घ्यायचं, म्हणजे मध्ये एक चांगली खोली निघते. न्हाणीघर हलवल्याशिवाय जमणार नाही का, असं तिने दोनदा विचारलं. "पाण्याचा उतार तिकडे आहे, ताई," गवंडी म्हणाला. "माझ्या हातात असतं तर केलं असतं."

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर नवऱ्याने बाबांना सगळं समजावलं. त्यांच्या तळहातावर बोटाने नकाशा काढला. बाबांनी लक्ष देऊन ऐकलं.

"अरे, मार्ग बदलला की चालक बदलत नाहीत," ते म्हणाले. "शिकेन मी. पोरीला अभ्यासाला जागा हवी. करा तुम्ही."

काम सुरू झालं. फ्रिज पुढच्या खोलीत आला, शिवणयंत्र खिडकीशी गेलं, भांडी खोक्यांत. भिंत पडली त्या दिवशी घरभर धुळीचा लोट उठला. ती बाबांना तोंडावर ओला रुमाल देऊन बाहेर बाकावर बसवून आली होती. धूळ बसल्यावर त्यांना आत आणलं. ते दारातच थबकले.

"हे कोणाचं घर?" त्यांनी विचारलं.

"आपलंच, बाबा."

"आवाज आपला नाही."

तिने कान देऊन ऐकलं. खरंच, बोललेलं सगळं मागे कुठेतरी निघून जात होतं. इतक्या वर्षांत आपल्या घराला आवाज आहे, हे तिला कळलंच नव्हतं.

दोन-चार दिवस नवरा कामावर जाण्याआधी त्यांना हाताला धरून नवा रस्ता शिकवायचा. पण रस्ता रोज बदलायचा. आज इथे विटांचा ढीग, उद्या तिथे वाळू, परवा कोणी आडवी ठेवलेली शिडी. बाबांच्या नडगीला खरचटलं. "खड्डे फार झालेत या रस्त्यावर," म्हणाले. मुलं हसली. ती हसली नाही.

एका सकाळी ती नळावर पाणी भरायला गेली होती. थोरली शाळेला निघायच्या गडबडीत होती. ती परत आली तेव्हा थोरली मधल्या खोलीच्या दाराशी उभी होती, हलत नव्हती. बाबा मागे, पूर्वी न्हाणीघर होतं तिथे, अर्धवट बांधलेल्या भिंतीपाशी उघड्यावर उभे होते. एक हात विटेवर, दुसरा हवेत काहीतरी शोधणारा. लेंगा ओला झाला होता. समोर गवंडी सिमेंटची पाटी हातात धरून मान फिरवून उभा होता. त्याला पुढे व्हावं की निघून जावं हे सुचत नव्हतं.

"आजोबांनी हाका मारल्या नाहीत," थोरली म्हणाली. "मला वाटलं, ते बरोबर जातायत."

तिने बाबांना आत आणलं, कपडे बदलले. बटणं मात्र बाबांनी स्वतः लावली, सावकाश. मग खाटेवर बसून म्हणाले, "नव्या घरात चुकलो असतो तर चाललं असतं. तिथे मी पाहुणाच. इथे कसा चुकलो गं?"

कपडे धुवायला घेण्याचं निमित्त करून ती उठली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बूटही न काढता खाली बसला. मग उठून त्याने ते चौथ्या मजल्यावरचं घर दाखवणाऱ्या माणसाला फोन लावला. घर केव्हाच गेलं होतं.

"आणि मिळालं असतं तरी काय?" फोन ठेवून तो म्हणाला. "पाडलेली भिंत घेऊन कुठे जाणार आपण?"

"भिंत परत जागेवर बांधता येईल का, विचारू या?"

"अगं, कालचीच भिंत कशी येईल?"

तिलाही ते माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी तिने गवंड्याला विचारलंच. त्याने डोक्याचा रुमाल काढून घाम पुसला. मग त्याने पाटी उचलली, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

नवऱ्याने खाटेपासून नव्या न्हाणीघरापर्यंत भिंतीला जाड दोरी बांधली, लिफ्टवाल्या पक्क्या गाठी मारून. बाबांनी ती धरून पाहिली, गाठी चाचपल्या. "काम चोख आहे," म्हणाले. त्या दोरीवरून ते दोन-तीनदा गेले, तेही घरात कोणी नाही असं वाटलं तेव्हा. नंतर गेले नाहीत. "जरा हात दे गं," एवढंच म्हणू लागले. तेही अगदी नाइलाज झाल्यावर. पाणी कमी प्यायला लागले आहेत, हे तिच्या लक्षात आलं. तिने पेला हातात दिला तर घोटभर घेऊन परत करत.

काम संपलं. रंग लागला. घर खरोखर छान दिसत होतं. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, "नशीबवान आहात, घर न सोडता घर मोठं झालं." तिने हो म्हटलं, चहा केला. बाबांनी शेजारणीशी दोन शब्द बोलून भिंतीकडे तोंड केलं.

शिवणयंत्र मधल्या खोलीत गेलं. पुढच्या खोलीत आता बाबा एकटेच असत. यंत्राच्या आवाजात त्यांची हाक ऐकू येणार नाही म्हणून ती मध्येच पाय थांबवून कान द्यायची. बहुतेक वेळा हाक नसायचीच.

परीक्षा जवळ आली तेव्हा थोरलीने बाबांना विचारलं, "आजोबा, मी तुमच्याजवळ बसून वाचू?"

"आत एवढी जागा केलीय ती कोणासाठी?" बाबा म्हणाले. "जा, तिथे बस. अभ्यासात लक्ष लागायला हवं."

ती थोडा वेळ घुटमळली आणि मग आत गेली. आईने यंत्र बंद केलं, कारण पोरीला शांतता हवी होती. घरात कुठलाच आवाज उरला नाही. बाबांनी कानोसा घेत मान किंचित वळवली, डावीकडे, मग उजवीकडे. मग हात मांडीवर ठेवून ते तसेच बसून राहिले.