आजींच्या उशाशी ठेवलेली घंटी

मी घंटी बोलतेय. देवळातली मोठी नव्हे; आजारी माणसाच्या उशाशी ठेवतात ती, मुठीत मावणारी.

आजींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्या मुलाने मला दुकानातून आणलं. त्या झटक्यात आजींच्या बाकीच्या भाषा गेल्या, लहानपणची हिब्रू तेवढी उरली. त्यांचं सगळं करायला ठेवलेल्या ताईला हिब्रूचा गंधही नव्हता. मुलानेच तिला पहिलं क्रियापद शिकवलं. "घंटी वाजली की 'आनी बाआ' म्हणायचं. म्हणजे 'मी येते'. एवढ्याने आई शांत राहील."

ताई भांडी घासताना तेच घोकायची. मी किणकिणले की स्वयंपाकघरातून "आनी बाआ" यायचं आणि पाठोपाठ ओले हात पुसत ताई.

एकदा मात्र घोटाळा झाला. औषधं आणायला निघताना ताई दारातून "आनी बाआ" म्हणाली. निघताना 'जाते' म्हणणं तिच्या जिवावर यायचं. तुम्हीसुद्धा 'येते' म्हणूनच निघता ना! आजी दाराकडे बघत राहिल्या. मला बडवून बडवून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. ताई परतल्यावर मुलाने समजावलं, "अगं, आई ते ऐकलं की लगेच तुझी वाट बघते." ताईने कान पकडले. त्यानंतर ती तसं म्हणाली आणि आली नाही, असं कधी झालं नाही. आजी तिच्यावर डोळे मिटून विसंबायला लागल्या.

मग एका सकाळी मुलाने गाडी दाराशी लावली. "आईला डॉक्टरांकडे न्यायचंय, पण ती बसायला तयार नाही. तूही येतेस म्हणून सांग तिला."

ताई तर चपला घालून तयारच होती. "आनी बाआ, आजी," ती म्हणाली. आजी मला मुठीत घेऊन मुकाट्याने गाडीत बसल्या. ताई वळसा घालून पलीकडच्या दाराशी पोहोचतेय, तोच गाडी सुटली. मागून तिची हाक आली. आजींना वाटलं, हिनेच आपल्याला फसवलं.

डॉक्टर कसले! तो वृद्धाश्रम होता. पोटच्या मुलाने आईचा केसाने गळा कापला, आणि त्यासाठी वापरलं ताईला. मला अजून त्याचा राग येतो.

तिथे आजी मला दिवसभर वाजवत. शेजारच्यांची तक्रार आली तेव्हा नर्सने माझ्या आतल्या लोलकाला कापूस गुंडाळला.

ताईने पत्ता शोधून काढला. येताना क्रियापदाचं नवं रूप शिकून आली होती. कॉटशी वाकून म्हणाली, "आनी बाती." मी आले. पुढचं मात्र तिला आपल्याच भाषेत बोलावं लागलं. "आजी, मला खरंच ठाऊक नव्हतं हो."

आजींनी वर पाहिलं नाही. चालत्या हाताने मला उचललं, ताईच्या हातात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हापासून मी ताईच्या खोलीत फळीवर आहे. कापूस तिने काढलेला नाही. वाजवून बोलवायचं तरी कुणाला?

तुम्हाला एकच विनवणी आहे. आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडून वदवू नका. तुमचं काम तेवढ्यात होऊन जातं. ताई मात्र अजून सुट्टीच्या दिवशी तिकडे जाते, आजींच्या त्या फिरवलेल्या पाठीशी बोलते आणि परत येते.