जपानच्या शंभर वर्षांचं नाव

खेमराज मास्तरांचं डोकं जपाननं खाल्लं होतं. गोंदियाच्या शाळेत ते मॅट्रिकच्या वर्गाला इतिहास शिकवत आणि १९२६ च्या त्या हिवाळ्यात मुलांसाठी इंग्रजीत एक पुस्तिका लिहून छापायला धाडायची होती. सगळी लिहून झाली, घोडं अडलं ते एका मथळ्यापाशी. जपानात शंभर-सव्वाशे वर्षं सरदार एकमेकांच्या जिवावर उठले होते. त्या काळाला एक इंग्रज पंडित ‘वॉरिंग स्टेट्स’ म्हणतो, दुसरा ‘सिव्हिल वॉर’. छापखान्याचा तगादा होता, कोणतंही एक ठेवा, पण उलट टपालानं कळवा. मास्तर तीन दिवस एक खोडत होते आणि दुसरं लिहीत होते.

दुखणं वेगळंच होतं. तिरोड्याजवळ चोरखमारा या गावी त्यांचे थोरले भाऊ बकाराम धानाची शेती करत. आईबाप गेल्यावर याच भावानं धाकट्याला शिकवलं, आणि शिकलेल्या धाकट्यानं दोन वर्षांपूर्वी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून भर अंगणात त्यालाच ऐकवलं, “आजपासून तुझं घर वेगळं, माझं वेगळं.” शिक्षण माणसाला जीभ देतं, लगाम देतंच असं नाही. राग आठ दिवसांत उतरला, पण परत जायचं कोणत्या तोंडानं?

त्या सकाळी दारात देवकाबाई उभी राहिली, बकारामची बायको. तिरोड्याहून आगगाडीत बसून एकटीच आली होती. पाणी प्याली, टेबलावरचा पसारा पाहिला.

“काय लिहून राहिले, भाऊजी? तोंड काऊन उतरलं?”

मास्तरांनी सोपं करून सांगितलं. “जपानातल्या जुन्या लढाईचं नाव ठरवून राहिलो, वयनी. एक जण म्हणते, राज्यं अलग अलग होते, ते आपसात लढले. दुसरा म्हणते, घर एकच होतं, घरातल्या घरात लढले.”

“मंग शेवटी काय झालं?”

“एक झाले.”

“आनं लढाई चालू होती तवा? एक असल्याची कायी निशानी होती का नाई?”

मास्तरांनी टाक खाली ठेवला. हा प्रश्न दोन्ही पंडितांनी विचारला नव्हता. “होती. नावाचा का होईना, राजा एकच होता. त्याची गादी कोणी मोडली नाही.”

देवकाबाईनं रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “तुमच्या दादानं दोन सालापासून नवं नाई खाल्लं.”

घरची रीत होती. नव्या धानाचा पहिला भात साऱ्या घरानं एका पंगतीत बसून खायचा, पहिला घास थोरल्याचा. तोवर त्या घरात नवा तांदूळ कोणी तोंडात घालत नाही.

“कोठीत नवे धान भरले हायेत, आनं हे बाजारातून जुना तांदूळ आनून खाऊन राहिले. गाव हासते. मी म्हनलं, कायले असं? तं म्हन्तेत, पंगत पुरी नाई झाली. धाकटा यायचा हाये.”

मास्तरांनी स्वतः दोन्ही साली गोंदियात नवा तांदूळ मिटक्या मारत खाल्ला होता, आणि भावाची आठवणसुद्धा काढली नव्हती. एवढी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

त्यांनी मथळ्यात ‘सिव्हिल वॉर’ लिहिलं, पाकीट टपालात टाकलं, शाळेत रजेची चिठ्ठी धाडली आणि वहिनीबरोबर दुपारची गाडी धरली.

चोरखमाऱ्याला अंगणात बकाराम सुंब वळत बसले होते. धाकट्याला पाहून त्यांचे हात थांबले. बोलले मात्र एवढंच, “इस्कुल बंद हाये का?”

मास्तरांनी वाकून पाय धरले. रस्ताभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. “दादा, मी त्या दिवशी बोललो, तुझं घर वेगळं, माझं वेगळं...”

बकारामनी त्यांना खांद्याला धरून उठवलं, हात धुवायला पाण्याचा लोटा पुढे केला.

“तू बोलला असशीन,” ते म्हणाले. “मी कुटी आयकलो?”