जमुनाबाईची जीभ

बोनकोड्यात हळदीच्या जेवणाचा रस्सा जमुनाबाईच्या जिभेवरून गेल्याशिवाय पंगतीत जात नसे. टोप चुलीवरून उतरला की ती तळहातावर रस्सा घ्यायची, चाटायची आणि म्हणायची, "वाढा." मगच पानं मांडायची.

पण मागच्या हळदीला तिनं "वाढा" म्हटलेला रस्सा खाऊन नवरीचा मामा जो उठला, तो नळाला तोंड लावूनच बसला. शेजारीण नामीबाईला आयतं फावलं. "जमनीची जीभ मेली," ती गावभर सांगत सुटली. "आता नुसती बोलायपुरती उरली."

आता पुतण्याच्या पोराची, निकेशची हळद तोंडावर आलेली. घरच्या हळदीत नामी रस्सा चाखायला टोपापाशी उभी राहणार, या विचारानंच जमुनाबाईला घास जाईना. तिनं नातीला गाठलं. मनस्वी खारघरच्या प्रयोगशाळेत मिरचीवरच संशोधन करायची.

"एवढी वर्सं शिकतेस ना? मंग सांग, माजी जीभ मेली का?"

"मेली नाही, आजी. जिभेत तिखट ओळखणाऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीला पातळ पडदा, आणि त्या पडद्यात प्रथिनांची बारकी दारं. मिरचीतलं तिखट दाराला चिकटलं की दाराचा आकार बदलतो, ते उघडतं, आणि डोक्यात वर्दी जाते, आग लागली. कुठल्या रसायनानं दार कसं वळतं, तेच मी बघते."

"मंग माजं दार का उघडत नाय?"

"तू सकाळच्या भाकरीलासुद्धा ठेचा घेतेस. सारखं तिखट आदळलं की दार हटून बसतं. त्याला सुटी दे. हळदीपर्यंत मिरची बंद."

"मना काय बाळंतीन समजलीस?" असं म्हणत का होईना, जमुनाबाई पेजेवर आली. एकदा मसाल्यातला बोंबील पदराआड घेऊन मोरीत गेली, तर नातीनं तिथून काढून घेतला. नामीबाई खिडकीतून डोकावली. "पेज खातेस? दात पडले का गो?"

"हायत. चावून दाखवू?"

हळदीच्या संध्याकाळी टोप उतरला. नामीबाईनं पुढं होऊन रस्सा चाखला. "मस्त झालाय. वाढा."

वाढपी हलले नाहीत. सगळे जमुनाबाईकडे बघत राहिले. तिनं तळहात पुढं केला, चाटला, आणि जिभेच्या शेंड्यापासून कानापर्यंत जाळ गेला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रडतेस काय?" नामीबाई म्हणाली.

"दारं उघडली माजी," जमुनाबाई खुशीत म्हणाली. "नारलाचं दूध आना. हा असाच वाढला तर नवरा मांडवातनंच पलून जाईल."

दूध पडलं, टोप ढवळला, जमुनाबाईनं पुन्हा चाखलं. "वाढा."

त्या दिवशी पाहुण्यांनी रस्सा मागून मागून खाल्ला. नामीबाईनं मात्र फिका म्हणून वर हिरवी मिरची मागवली.

"बघ, हिची पन दारं बसलीत," जमुनाबाई नातीच्या कानात म्हणाली. "तिला पेज लाव. आनि मना एक बोंबील दे, मसाला भरपूर लावून."

"आजी, पुन्हा हटून बसतील दारं."

"बसूं दे. पुढची हळद तुलशीच्या लग्नानंतर हाय."