फोरम बंद म्हणजे पाणी आलं

आमच्या धायरीत सकाळी कुणी कुणाला गुड मॉर्निंग म्हणत नाही. "आलं का?" म्हणतात. काय आलं, असं जो उलट विचारतो तो नवा भाडेकरू.

मी आम्रपाली, इयत्ता दहावी. याच प्रश्नावर मी फोरम काढला आणि नाव ठेवलं ‘पाणी आलं का’. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप होताच, पण त्यात पाण्याची बातमी सुविचारांच्या आणि गुलाबांच्या खाली गाडली जायची. माझ्या फोरमवर गुलाबांना बंदी. ज्याच्या गल्लीत पाणी आलं त्याने लिहायचं, बाकीच्यांनी वाचून मोटर लावायची. हे इतकं सोपं होतं की कुणा मोठ्या माणसाला सुचलं नव्हतं.

होस्टिंग फुकटातलं होतं. होस्टिंग म्हणजे वेबसाइटला राहायला दिलेली जागा, आणि फुकटातली जागा म्हणजे पाहुण्यांकडच्या सोफ्याची कड. आमची एकच सोसायटी होती तोवर मावलो. मग शेजारच्या आल्या, वडगाव आलं, नऱ्हे आलं. लोक पाण्याबरोबर पार्किंगवर, कुत्र्यांवर आणि धायरी मूळची कुणाची यावरही भांडायला लागले. फोरम वाढत होता. मी आरशासमोर उभी राहून स्वतःला "ॲडमिन" म्हणून हाक मारून बघितली. शोभत होतं.

गडबड एकच. पाणी आलं की सगळे एकदम फोरम उघडत, आणि सगळ्यांनी एकदम उघडला की तो बंद पडे. ज्या क्षणासाठी काढला, नेमका त्याच क्षणी गैरहजर. पण तक्रार कुणीच केली नाही. लोकांनी आपापला अर्थ लावला: फोरम बंद म्हणजे पाणी आलं. उघडत नाही म्हटलं की मोटर लावायला पळायचं. माझी नाचक्की ही त्यांची सोय झाली.

आईची मात्र नाही. फोरम पडला की मी भूमिती सोडून तो उठवायला बसायचे, आणि ती ते बघायची.

"आता एकदा जरी बंद पडला, तर दहावी होईपर्यंत बंदच," ती म्हणाली. "मी कुलूप लावीन."

"आई, वेबसाइटला कुलूप नसतं."

"माझ्या कपाटाला आहे. लॅपटॉप त्यात मावतो."

म्हणून मी चांगलं होस्टिंग शोधायला लागले. एक कंपनी सापडली. गर्दी झाली की जागा आपोआप वाढवणारी, रोज सगळ्याची कॉपी ठेवणारी. सर्व्हर मुंबईत. खर्च सोसायटीने करावा म्हणून मी थेट मीटिंगमध्ये उभी राहिले. चेअरमन महिपती अण्णा. आमची बिल्डिंग आहे तिथे पूर्वी त्यांची ज्वारी होती, त्यामुळे आमचे फ्लॅटही त्यांच्याच शेतात उगवलेत असं ते धरून चालतात.

"मुंबईत?" अण्णा म्हणाले. "धरण आपलं, पाणी आपलं, आन् आलं का ते मुंबईला इचारायचं?"

"विचारायचं नाही अण्णा, फक्त तिथे ठेवायचं."

"ठेवायचंच हाय ना? मग आपला साईनाथ ठेवील." साईनाथ त्यांचा पुतण्या, गावठाणात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. "बंद पडलं तर जाऊन कॉलर धरता येती. मुंबईवाल्याची कॉलर कुठं हुडकायची?"

हा मुद्दा सभेला एकदम पटला. वस्तू कशी आहे यापेक्षा ती कुणाची आहे हे माहीत असलं की आमच्याकडे माणसं निवांत झोपतात. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. साईनाथने तिन्ही दिली, तीन वेगळ्या नावांनी, आणि त्यातलं त्याचंच मंजूर झालं.

मी सर्व्हर बघायला गेले. टेबलाखाली एक काळा डबा, त्याला झेंडूचा हार.

"कितीबी लोक येऊ दे, ताई," साईनाथ म्हणाला.

"आणि लाइट गेली तर?"

"लाइट गेल्यावर फोरम बघतंय कोण?"

"मोबाइलवर सगळेच बघतात."

त्याने डब्यावरचा हार सरळ केला. "इन्व्हर्टर टाकू की. दिवाळी होऊ दे."

डब्याची निंदा मी करणार नाही. गर्दीला तो पुरलाही असता. पण तो जोडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुरुवार आला.

पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जाते ती गुरुवारी. पाणी बंद ठेवतात तेही बहुतेकदा गुरुवारीच. हे इथल्या लहान मुलांनाही वाढदिवसासारखं पाठ असतं, फक्त मीटिंगमध्ये कुणाला आठवलं नाही. गावठाणातली लाइट गेली आणि हारासकट डबा विझला. आमच्या भागात लाइट होती, पाणी नव्हतं. लोकांनी मोबाइल काढले. फोरम बंद. म्हणजे पाणी आलं. अर्ध्या धायरीत मोटरी सुरू झाल्या. आमची तर अण्णांनी स्वतःच्या हाताने लावली. खालची टाकी कोरडी ठणठणीत. मोटर जरा वेळ किंचाळली, मग जळक्याचा वास जिन्याने वर आला.

अण्णा कॉलर धरायला निघाले. दुकानाला शटर. शेजारच्याने सांगितलं, लाइट नाही म्हणून साईनाथ मित्रांबरोबर सिंहगडावर गेलाय. म्हणजे कॉलर पिठलं-भाकरी खात होती.

आईने हात पुढे केला. मी लॅपटॉप दिला. कुलपाचा आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू आला. आता लाइट आली तरी फोरम उठवायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बेल वाजली. बाबा वंदनेला बसले की हलत नाहीत, म्हणून आईने दार उघडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मथुराबाई.

"आलं का गं, दीपाली?"

"मला काय माहीत, मावशी?"

"पोरीचं तू बंद केलंस ना? मग आता तूच सांगायचं."

त्यांच्या मागोमाग वरचे काका. मग फोन. आईचा नंबर सगळ्यांकडे होता, पण इतका उपयोगी आहे हे लोकांना तेव्हाच कळलं. पोळ्या लाटताना "आलं का?", ऑफिसच्या बसमध्ये "आलं का?", साहेबांसमोर उभी असताना "आलं का?". संध्याकाळी चपला काढायच्या आधी तिने कपाट उघडलं.

"ते मुंबईवाले दाखव."

मी दाखवलं. तिने चष्मा लावला.

"गर्दी झाली तर?"

"जागा वाढवतात."

"लाइट गेली तर?"

"त्यांचे जनरेटर असतात."

"आणि नाही पटलं, तर सामान उचलून निघू देतात?"

"देतात. सगळं उतरवून घेता येतं."

"मग घरमालक बरा दिसतोय," आई म्हणाली आणि स्वतःचं कार्ड काढलं. "पण बंद पडला तर कपाट आहेच."

लवकरच परीक्षेची वेळ आली, म्हणजे फोरमच्या. पाणी आलं. वडगावच्या एकाने लिहिलं, "आलं." सगळे एकदम तुटून पडले आणि फोरम ढिम्म हलला नाही. माझी छाती एवढी फुगली की युनिफॉर्मचं बटण तुटायचं बाकी होतं. तेवढ्यात खाली पोस्टी पडायला लागल्या.

"फोरम चालू दिसतोय. म्हणजे आज पाणी नाही?"

"वर लिहिलंय ना, आलं म्हणून."

"आलं असतं तर चालू कसा राहिला?"

"ॲडमिनने खुलासा करावा."

मी खुलासा केला. त्याच्यावरही शंका आल्या. मग बेल वाजली. दारात अण्णा, हातात मोबाइल.

"आमू, बाळा, एक काम कर. पाणी आलं की जरा येळ बंद करत जा. लोकांना सवय हाय."

"बंद केला तर आई कुलूप लावील, अण्णा."

"अहो अण्णा," आई आतून म्हणाली, "त्यावर लिहिलेलं असतं. वाचलं तरी कळतं."

"वाचत कोण बसतंय?" अण्णा म्हणाले, आणि मोटर जळाल्यापासून माणसाने कशी खात्री करूनच बटण दाबावं, हे ते आम्हाला बराच वेळ समजावत राहिले.

खाली नवी मोटर गप्प उभी होती. अण्णांची खात्री झाली, तोवर पाणी गेलं होतं.