गुरुवारी बंद

शालनबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, हे मला रोज आठवत असे. पत्र फेब्रुवारीत आलं होतं. 'सर, तुम्ही चाकणजवळ निघोज्याला स्वतःचा दवाखाना काढताय असं ऐकलं. मला बोलवा. दिवाळीपर्यंत वाट बघते. नाही आलं बोलावणं, तर मुलीकडे माणला जाईन नातू सांभाळायला.' पिंपरीतल्या कंपनीच्या दवाखान्यात त्या सव्वीस वर्षं माझ्या नर्स होत्या. फोन न करता पत्र लिहिलं, कारण मी फोन उचलत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं तो त्याच उचलत होत्या.

उत्तराचे पाच मसुदे केले. बोलवलं आणि दवाखाना चाललाच नाही, तर त्या बाईंना काय तोंड दाखवायचं? जरा जम बसला की कळवू, असं ठरवलं.

जम बसेना. गाळा भाड्याचा, शेजारीच राहणाऱ्या गोजाबाईंचा. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, "डॉक्टर, सुट्टी रविवारची टाकू ना?" मी नवखा. इकडचा रिवाज काय, असं विचारलं. "इकडं कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते," तो म्हणाला. मग आपण तरी वेगळं कशाला वागा? 'गुरुवारी बंद' लिहून घेतलं. रिवाज पाळल्याचं समाधानही वाटलं.

बाकीचे सहा दिवस मी इस्त्रीचे कपडे घालून बसे. सर्दीचा एक पेशंट आला, त्याला मी सर्दी चाळीस मिनिटं समजावून सांगितली. त्याची सेकंड शिफ्ट चुकली. तो परत आला नाही.

गुरुवार मात्र माझ्या आवडीचा. शटर हातभर फट ठेवून ओढायचं आणि आत वाचत बसायचं. खालच्या फटीतून फक्त पाय दिसत. ते येत, पाटीपाशी थांबत, निघून जात. पत्ता चुकलेले असावेत, असं मी समजत असे.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी निळ्या स्लिपरमधले दोन पाय आले. घोट्यांपाशी सूज होती. पुस्तक मिटलं, पण हाक मारायचा धीर झाला नाही. पुढच्या गुरुवारी तेच पाय आले. सूज आता पोटरीकडे निघाली होती, शेजारी हिरव्या चपलेतले बायकी पाय. हृदय? मूत्रपिंड? पाय वळले, तसा मी जमिनीवर ओणवा झालो आणि फटीतून ओरडलो,

"अहो, झोपताना किती उशा लागतात?"

पाय जागच्या जागी उडाले.

"या अल्ला! नजमुन्निसा, खालून कुणीतरी बोलतंय!"

"मी डॉक्टर आहे," मी म्हणालो. त्या अवस्थेत ते मलाही पटलं नाही.

शटर वर केलं. गृहस्थांचं नाव लालमहंमद, कंपनीत फिटर. उशी एकच लागत होती, म्हणजे हृदयाचं नसावं. छाती साफ, लघवी साफ. रक्तदाबाची गोळी रोज एक, तीही बरोबर. मी गोंधळलो. पिंपरीला अशा वेळी शालनबाई पेशंटच्या बायकोकडे बघायच्या. म्हणून मीही बघितलं.

"एक नाही, दोन," नजमुन्निसा हळूच म्हणाल्या. "माझीपण बीपीची तीच गोळी आहे. ती मी यांच्या दुधात देते. यांना कंपनीत जास्त टेन्शन."

"म्हणजे तू खातच नाहीस?" लालमहंमद ओरडले.

त्या गोळीनं पाय सुजतात, डबल घेतली तर जास्तच. लालमहंमदांचा रक्तदाब एकशे दहा भरला. नजमुन्निसांचा एकशे नव्वद. आजारी कोण, हे मला तेव्हा कळलं.

एवढ्यात गोजाबाई डोकावल्या. "उघडलं व्हय आज? मला वाटलं, तुमी बेस्तरवारचा उपास धरता."

"इकडचा रिवाज म्हणून बंद ठेवतो."

"काय बाई तरी! सहा दिस शिफ्टा. आजारी पडायला मान्साला एक बेस्तरवार घावतो, अन् तवाच तुमी दार लावून बसता? कितीजण पाटी बघून माघारी गेले!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोजाबाई मात्र रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"डाक्टर उघडला! जुलाबवाले हिकडं, खाजवाले तिकडं! अरं ए, तुला मूळव्याध ना? लाजतुस काय, बस हितं!"

दुपारपर्यंत एकोणीस पेशंट झाले. मूळव्याधवाला पळून गेला. टेबलावर फोन वाजत राहिला.

दिवाळी आठ दिवसांवर होती. शेवटचा पेशंट गेल्यावर मी सहावा मसुदा केला, औषधं लिहायच्या कागदावरच.

'शालनबाई, उत्तराला उशीर झाला, माफ करा. दवाखाना गुरुवारी उघडा असतो. गोजाबाई पेशंटचे आजार रस्त्यावर ओरडून सांगतात. फोन वाजतो आहे. लवकर या.'

पुन्हा वाचलं असतं तर सातवा झाला असता. म्हणून न वाचताच पाकीट चिकटवलं, चाकणला जाऊन पेटीत टाकलं, आणि ते आत नीट पडलं का हे बोटं घालून दोनदा चाचपून पाहिलं.